नरहरीचं इंजिन आणि सासऱ्यांचा रहाट

नरहरी चुरीने विहिरीवर ऑइल इंजिन बसवलं, त्या दिवशी त्याने जुन्या रहाटाचं जवळजवळ तेरावंच घातलं. तारापूरजवळच्या त्यांच्या आळीतलं हे पहिलं इंजिन. तीन पिढ्या रेड्याने फिरवलेला रहाट उतरवला गेला. चाक गोठ्यात गेलं, पाण्याच्या गाडग्यांत नरहरीच्या आईने, काशीबाईने, मिरच्या लावल्या, आणि रेडा बोईसरच्या बाजूला विकला गेला. जमलेल्या मंडळींना पेढे वाटताना नरहरी म्हणाला की, पलीकडे अणूतून वीज काढायचं काम चाललंय आणि आपण इथे रेड्याचं शेपूट पिरगाळत बसायचं, हे काही शोभत नाही. पेढे चांगले होते, त्यामुळे कोणाचं दुमत झालं नाही.

हेच भाषण त्याने पुढे माहीम गावी, सासुरवाडीत, लेकीच्या बारशाच्या पंगतीत पुन्हा केलं. सासरे शांताराम राऊत यांच्या वाडीत अजून रहाटच होता, आणि तो कुरकुरायचा असा की वेशीवरच्या माणसाला समजावं, राऊतांच्या केळीला पाणी चाललंय. दादांनी आता हा सांगाडा चुलीत घालावा, असं जावयाने जिलबी खाताखाता सुचवलं. शांतारामदादांनी त्याच्या पानात आणखी एक जिलबी वाढली आणि एवढंच म्हणाले, "बघू."

बाळंतपणाला सव्वा महिना झाल्यावर नरहरीची बायको दमयंती बाळाला, म्हणजे सुलूला, घेऊन सासरी आली. आली ती सोमवारी. मंगळवारपासून घरात कोणी झोपलं नाही. सुलूचं रडणं म्हणजे काय, तर बेंबीच्या देठापासून. काशीबाईने मीठमोहऱ्या ओवाळल्या, बेंबीभोवती हिंग लावला, घुटीत मुरडशेंग दोन वेढे जास्त उगाळली. नरहरीने बालसंगोपनाची छापील पुस्तिका आणली. तिच्यात लिहिलं होतं की, बाळाला ठरल्या वेळी झोपवावं. त्याने पाळण्याशेजारी गजराचं घड्याळ आणून ठेवलं. सुलूने ती पुस्तिका वाचलेली नसावी.

त्यात इंजिन. ते फटफटलं की चुकून डोळा लागलेली सुलू दचकून उठे. इंजिन बंद ठेवावं तर फाल्गुनाच्या उन्हात पानवेली माना टाकत. म्हणजे पाणी द्यायचं तर लेक रडणार, आणि लेक निजवायची तर मळा वाळणार. आधुनिक माणूस अशा पेचात सापडला की पहिल्यांदा बायकोवर चिडतो. नरहरी चिडला. दमयंती त्याच्यावर उलट चिडली नाही, हे जास्त वाईट झालं. तिने शांतपणे लुगड्यांची ट्रंक भरायला घेतली.

"रविवारी दादा येणार आहेत नातीला बघायला," ती म्हणाली. "मी त्यांच्याबरोबर जाते. ही तिकडे झोपायची. पावसाळा सरला की बघू."

ते 'बघू' ऐकून नरहरीला जिलबी आठवली. सहा-सात महिने घर ओकं, ते एक. आणि शांतारामदादा साऱ्या माहीमला सांगणार की इंजिनवाल्या जावयाला स्वतःची पोर निजवता आली नाही, ते दुसरं. यातलं जास्त काय बोचत होतं हे त्याने स्वतःलाही विचारलं नाही.

तोड काढली बुधाने. बुधा वीस वर्षं चुऱ्यांचा रहाट हाकत आला होता आणि इंजिन आल्यापासून नुसताच वेली बांधत होता. दमयंतीला माहीमहून गाडीतून आणायला तोच गेला होता.

"शेट, पोरीला रहाट पायजे," तो म्हणाला. "तिकडं हिरीजवळच्या आंब्याला झोळी हाय. रहाट कुरकुरला का पोर गपगार. गाडीतबी, चाक वाजत व्हता तवर उठली नाय."

नरहरीने हे हसण्यावारी नेलं. मग दुपारी कोणी बघत नाहीसं पाहून माजघराचं कुरकुरणारं दार अर्धा तास उघडझाप केलं. सुलू झोपली. हात दुखला म्हणून तो थांबला. सुलू उठली.

शनिवारी चाक गोठ्यातून बाहेर आलं. काशीबाईने मिरच्या उपटून गाडगी परत दिली, पण एकात तिने तुळस लावली होती, ती काही देईना. तेवढी एक जागा रिकामी ठेवून संध्याकाळपर्यंत बुधाने रहाट उभा केला. रेडा नव्हताच. तेव्हा रविवारी सकाळी रहाटाच्या दांड्याला एका बाजूने बुधा लागला आणि दुसऱ्या बाजूने नरहरी. पाणी वर आलं, पाटात पडलं, वेलींकडे निघालं. सगळं झालं, फक्त आवाज झाला नाही. घरातून सुलूचा मात्र स्पष्ट येत होता.

बुधाने चाकाच्या कण्यावरून बोट फिरवलं आणि वास घेतला.

"तेल कोनी घातला?"

तेल अर्थात नरहरीने घातलं होतं. पहाटे उठून, इंजिनच्या डब्यातलं, हात न आखडता. यंत्र म्हटलं की तेल, एवढं त्याच्या अंगात भिनलं होतं. मग चुलीतली राख आणि वाळू आणून दोघांनी तो कणा घासघासून पुसला. पुन्हा दांड्याला लागले. दुसऱ्या फेऱ्याला रहाट कण्हला, तिसऱ्याला कुरकुरला, आणि चौथ्याला आपल्या मूळ आवाजावर आला. घरातलं रडणं हुंदक्यांवर आलं आणि थांबलं.

फाटकातून शांतारामदादा आले ते नेमके तेव्हा. हातात केळ्यांचा घड. आत न जाता ते विहिरीपाशी उभे राहिले आणि कमरेला पंचा गुंडाळलेल्या, घामाने न्हालेल्या जावयाचे दोन फेरे त्यांनी पाहिले. शेजारी इंजिन गोणपाट पांघरून बसलं होतं.

"जावईबापू," ते म्हणाले, "अणूची वीज यायला अजून अवकाश आहे वाटतं."

नरहरीकडे उत्तर होतं, पण त्यासाठी थांबावं लागलं असतं. दमयंती ओटीवर आली. तिने ओठांवर बोट ठेवून वडिलांना आत बोलावलं. त्यांनी दारात भरून ठेवलेल्या ट्रंकेकडे बघून भुवया उंचावल्या.

"आज नको, दादा," ती हळूच म्हणाली. "झोपलीय."

मग नवऱ्याकडे वळून तिने हातानेच गोल फिरवून दाखवलं, की चालू दे. शांतारामदादांनी घड खाली ठेवला, टोपी काढून त्यावर ठेवली, आणि बुधाला बाजूला सारून स्वतः दांड्याला हात घातला.

"जरा दमाने," ते जावयाला म्हणाले. "रेड्यालासुद्धा इतकं पळवत नाहीत."