शेजाऱ्याने पाजलेली बिअर

'हाताने बनवलेलं' असं कुणी म्हणालं की माझ्या कपाळाला आठी पडते. मी बेळगावातल्या वडगावचा विणकर. यंत्रमागावर निघालेल्या साडीला 'हातमाग' अशी चिठ्ठी कशी चिकटते, हे मी लहानपणापासून बघत आलोय. त्यामुळे यंदाच्या उन्हाळ्यात शहराबाहेरच्या नव्या ब्रुअरीत मित्रांनी माझ्यापुढे ग्लास ठेवला आणि "ही क्राफ्ट बिअर, हितंच हातानं बनवत्यात" असं सांगितलं, तेव्हा मी तो आधी उजेडात धरला. साडी उलटी करून बघावी तसा. वेटरला म्हटलं, कुठं बनवता ते दाखव. तो हसून कानडीत "बर्री सर", म्हणजे या सर, म्हणाला आणि त्याने काचेमागच्या टाक्या दाखवल्या. टाक्या खऱ्या होत्या. आत काय आहे ते मात्र कुणी उघडून दाखवलं नाही.

पण दिवसभर उन्हात करपून आल्यावर ती गव्हाची गढूळ बिअर, तिला येणारा संत्र्याच्या सालीचा वास आणि घशातून उतरणारा गारवा... आवडली. आवडली याचाच राग आला.

आम्ही तिघं शाळेपासूनचे मित्र. एक दातांचा डॉक्टर, त्याचा दवाखाना निपाणीला आणि घर बेळगावात. दुसरा माझा शेजारी. तोही विणकर, त्याची शेड आणि माझी शेड यांच्यामध्ये एकच भिंत. या शेजाऱ्यानेच यंदा दर रविवारी फिरायला जायचं खूळ काढलं होतं. ज्या माणसाने लग्नानंतर बायकोला धड गोवा दाखवला नाही, तो एकाएकी आम्हाला सदलग्याला नदीत पोहायला नेत होता, कुणाच्या तरी मळ्यात आंबे उतरवायला लावत होता. आणि दिवस मावळायच्या आत कुणी घरी जायचं नाव काढलं की, "चला रं, बिअर घिऊया." तिथेही त्याचं लक्ष आमच्या ग्लासांवर. आमचा रिकामा झाला की लगेच दुसरा मागवायचा. स्वतः मात्र एकच ग्लास संध्याकाळभर पुरवायचा.

आता मी मुळातच संशयी. दूधवाल्याचं माप, वायरमनची शिडी, देवळाची वर्गणी, मला सगळ्यातच काहीतरी खोट दिसते. बायको म्हणते, तुम्ही आरशात बघितलं तरी विचारता, हा कोण? तरीही शेजाऱ्यावर मी कधी संशय घेतला नव्हता. माझ्या शेडची दुसरी किल्ली वर्षानुवर्षं त्याच्याच घरी असते.

मागाच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला ओठ वाचता येतात. शेडमध्ये आम्ही तसंच बोलतो, आवाज न काढता, तोंड मोठं हलवून. म्हणून ब्रुअरीत गाणी कितीही जोरात लागली तरी शेजारी आणि मी निवांत गप्पा मारायचो आणि डॉक्टर बिचारा "काय? काय?" करत बसायचा. सदलग्याहून आलो त्या संध्याकाळी शेजाऱ्याला फोन आला. तो उठून काचेबाहेर गेला आणि आमच्याकडे तोंड करूनच बोलायला लागला. मी सहज बघितलं. "मागच्या गल्लीनं काढा," तो म्हणत होता. "त्यो हाय माझ्यासंगं. अंधार पडंपर्यंत सोडत न्हाय त्याला."

तोंडातला घोट कडू झाला.

मी लग्नसराईसाठी नवा काठ बसवला होता. माग ज्यांच्यावरून नक्षी उचलतो ती त्याची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं माझ्या शेडमध्ये टांगलेली होती. काठ चोरायला साडी लागत नाही, कार्डं मिळाली की पुरे. किल्ली त्याच्याकडे, मी त्याच्या बिअरच्या टेबलावर. सगळं जुळत होतं. तो आत येऊन माझ्याकडे बघून हसला, आणि त्या हसण्याचा मला इतका संताप आला की मी ग्लास तसाच ठेवून मुतारीकडे गेलो.

पुढच्या रविवारी उचगावला गेलो. तिथे माझी बहीण दिलेली आहे. जेवणं झाल्यावर मी म्हटलं, "आक्काकडं जाऊन येतो. संध्याकाळी थेट बिअरलाच भेटू." आक्काच्या दारावरूनही गेलो नाही. बस पकडली आणि वडगाव गाठलं.

शेडचं कुलूप जागेवर होतं. आत गेलो, कार्डं जागेवर होती, त्यांच्यावरची धूळसुद्धा कुणी हलवली नव्हती. मी हुश्श करणार, तोच भिंतीपलीकडून हातोड्याचा आवाज आला. रविवारी गल्लीतले माग बंद असतात, त्यामुळे एकेक घाव नीट ऐकू येत होता.

मागच्या गल्लीत भंगाराचा टेम्पो उभा होता. त्यात मागाचे खांब, चाकं आणि बीम एकमेकांवर टाकलेले होते. शेजाऱ्याच्या शेडच्या दारातून मी आत बघितलं. जिथं जिथं माग होते तिथं तेलकट चौकोन उरले होते, आणि कोपऱ्यात एकच माग उभा होता, त्याच्या वडिलांनी, आप्पांनी, पहिल्यांदा बसवलेला. गेले काही आठवडे भिंतीपलीकडचा आवाज कमी झालाय हे मला कळलं होतं. "मागाच्या मोटारी दुरुस्तीला दिल्यात," असं तो म्हणाला होता. जगात सगळ्यांवर संशय घेणाऱ्या मी तेवढ्यावर मात्र विश्वास ठेवला होता.

त्याची बायको, आमच्या वहिनी, दारात आल्या. मला बघून त्यांनी पदर तोंडाला लावला. "भावजी, तुम्ही उचगावला गेलता न्हवं?"

मी आल्या पावली मागे फिरलो.

संध्याकाळी ब्रुअरीत पोचलो तेव्हा दोघं बसलेले होते. गाणी लागली होती. शेजाऱ्याने माझा ग्लास पुढे सरकवला. "आक्का कशी हाय?"

"बरी हाय," मी मोठ्याने म्हटलं. मग आवाज न काढता, फक्त ओठांनी म्हटलं, "एकच ऱ्हायलाय."

त्याचा ग्लास हातातच थांबला. मग त्याचेही ओठ हलले. "लई तोट्यात चाललं हुतं रं. पर तू गल्लीत असतास, तर माझ्यानं इकवलं नसतं."

"काय म्हणतोय तो?" डॉक्टरने विचारलं.

"काय न्हाय."

"मग ठरवा की. पुढच्या रविवारी कडोलीला जायचं का?"

"जाऊया की," शेजारी घाईने म्हणाला.

"मी न्हाय येत," मी म्हटलं. "मी गल्लीतच हाय."

शेजाऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत संशय होता. आयुष्यभर मी लोकांकडे जसा बघत आलो, तसा तो माझ्याकडे बघत होता. मी पुढे वाकलो आणि तोंड मोठं करून, नीट वाचता येईल असं म्हटलं, "त्यो माग आप्पांचा. परक्या हातानं उठाय नको. एका बाजूनं तू धर, एका बाजूनं मी धरतो."

समोरचा ग्लास त्याने एका दमात संपवला आणि वेटरला हात केला. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच त्याने दुसरा ग्लास स्वतःसाठी मागवला.