मजीदमामूला बर्फाजवळ घर हवं होतं

आमच्या मजीदमामूकडे नऊ बंगल्यांच्या किल्ल्या आहेत आणि त्यातला एकही बंगला त्याचा नाही. रत्नागिरीजवळ आरे-वारेच्या रस्त्याला समुद्राकडे तोंड करून पुण्या-नाशिकच्या लोकांनी जे बंगले बांधलेत ना, ते वर्षभर बंद असतात, आणि ते मामू सांभाळतो. सकाळी चहा-घावणे झाले की स्कूटर काढायची, एकेक बंगला उघडायचा, खिडक्या सताड उघडायच्या, नळ सोडायचे, पंखे फिरवायचे, गाद्या उलट्या करायच्या, वाळवी कुठे चढलीय का बघायचं आणि परत सगळं बंद करून पुढच्या बंगल्यावर. रोज दोन तरी होतात. बंद घराला खारी हवा अशी खाते की दोन महिने कोणी गेलं नाही तर दाराची बिजागरी हातात येते.

आणि ह्या माणसाला स्वतःला सुट्टीचं घर हवं होतं. तेही कुठे, तर बर्फात. जिथे लोक स्की करतात तिथे.

हसलात ना? आमच्याकडे पण सगळे हसले. मी सगळ्यात जास्त हसले, मग मामूने मला कारण सांगितलं आणि माझा चेहराच पडला.

मामू एकोणीस वर्षं दुबईत होता. शेवटची अकरा वर्षं एका मॉलमध्ये. त्या मॉलच्या आत बर्फाचा उतार केलाय, खरोखरचा गार, लोक तिकीट काढून घसरायला येतात. मामू बूट द्यायच्या काउंटरला. माणूस दारातून आत आला की त्याचे पाय न बघता, नुसती चाल बघून मामू सांगायचा, बेचाळीस नंबर. कधी चुकायचा नाही. बूट द्यायचे, परत घ्यायचे, आतून पुसायचे, वाळवायचे. काउंटरसमोर मोठी काच आणि काचेपलीकडे ती सगळी मजा. आत उणे दोन, सुट्टी झाली की बाहेर सेहेचाळीस. अकरा वर्षं बर्फासमोर उभा राहिलेल्या माणसाने बर्फ पडताना एकदाही बघितला नाही.

"तो यंत्राचा गो," मामू मला म्हणाला. "भिंतीतून फवारतात. मला वरून येणारा बघायचाय. आभाळातून. मी आपला घराच्या दारात बसलेला आणि तो पडतोय, बस."

मी म्हटलं, "मग फिरायला जा ना चार दिवस."

"चार दिवसांत नाही पडला तर? आमच्या बंगल्यांवर लोक पाऊस बघायला म्हणून येतात, चार दिवस कडक ऊन पडतं, तोंड पाडून जातात. आपलं घर हवं. घर असलं की वाट बघता येते."

मी लगेच मोबाईल काढला.

गणपती होऊन गेले होते, कॉलेजला परीक्षा होती आणि मी अभ्यास सोडून मामूच्या ओटीवर बसून सोलंग, नारकंडा, औली असली नावं शोधत बसायचे. मला सोलंगच आवडलं होतं. काय तो व्हिडिओ! लाकडी बाल्कनी, समोर देवदार, पांढरा उतार, लाल जाकिटातली मुलं घसरतायत. मी एवढी वेडी झाले की मामूला न विचारताच तो व्हिडिओ टाकणाऱ्या एजंटला मेसेज टाकला, पसंत आहे, आमचं नक्की. झालं. दुसऱ्या दिवसापासून त्याचे फोन सुरू, टोकन कधी पाठवताय म्हणून. मामूने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं जमिनीने पोटात घ्यावं. पण ओरडला नाही. फोन घेतला आणि आपल्या दुबईवाल्या हिंदीत एजंटलाच प्रश्न विचारायला लागला.

"खिडक्या कुठल्या दिशेला? वारा कुठून येतो? मे महिन्यात पाणी कुठून आणता?"

एजंट म्हणाला, "सर, व्ह्यू बघा ना व्ह्यू."

"व्ह्यू राहूदे. बंद असताना घर उघडतं कोण?"

"सर, उघडायचं कशाला? तुम्ही याल तेव्हा तुम्हीच उघडा."

मामूने फोन ठेवला. "ह्याला घराचं काय कळत नाही," म्हणाला, आणि सोलंग गेलं. मी भांडणार होते, पण हिमाचलात बाहेरच्या माणसाला जमीन घ्यायला सरकारची परवानगी वगैरे लागते हेही मी वाचलंच नव्हतं. म्हणजे नारकंडापण त्याच वाटेने गेलं.

जगात लोक असलं घर घेताना उतार किती लांब, रोपवे किती जवळ, भाडं किती सुटेल असलं बघतात. मामू फक्त एकच बघत होता, तिथला मजीद कोण आहे. आमच्याकडे हे असंच चालतं. प्लॉट घेतानाच माणूस विचारतो, किल्ली कोणाकडे ठेवायची? चांगला शेजार नसेल तर समुद्र फुकट दिला तरी घेऊ नये.

औली उरलं, ते उत्तराखंडात. त्याच्या खालच्या जोशीमठला जमिनीला भेगा पडल्या त्याच्या बातम्या आम्ही दोघांनी वाचल्या, त्यामुळे तिथे नाही, पण पलीकडच्या अंगाला एक गाव होतं, तिथे दोन खोल्यांचं दगडी घर विकायला होतं. फोटो एकदम साधे. बाल्कनी नाही, लाल जाकीट नाही. खाली लिहिलेलं, घर बघायचं असेल तर कुंदन सिंहला फोन करा.

मामूने फोन लावला आणि पहिलाच प्रश्न, "तुमच्याकडे किती घरांच्या किल्ल्या आहेत?"

पलीकडून जाड आवाज आला, "सात. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"माझ्याकडे नऊ आहेत," मामू म्हणाला.

बस, त्या दिवसापासून हे दोघं रोज बोलायला लागले. मला हेवाच वाटायचा. मामू सांगायचा खाऱ्या हवेने फ्रिजची कशी चाळण होते, कुंदनकाका सांगायचे पाणी गोठलं की पाइप कसा फुटतो, म्हणून हिवाळ्याआधी सगळे नळ उघडून पाणी काढून टाकायचं. मामूच्या बंगल्यांत वटवाघळं, त्यांच्याकडे माकडं. "तुमच्या शेटला कळतं काय काही?" "कुठे कळतंय! फोन करून विचारतो, छपराला रंग कुठला लावू." आणि मग दोघं खदाखदा हसायचे.

शरीफामामीला मात्र हे अजिबात सहन होत नव्हतं.

एकदा आम्ही असेच बसलो होतो, मामी मांदेली साफ करत होती, मामू तिला घराचा फोटो दाखवायला गेला. तिने बघितलाच नाही. "अवो, नऊ घरं कमी पडतात का? दहावं कशाला?"

"ती लोकांची. हे आपलं."

"हे आपलं नाही?" तिने मासळीच्या हातानेच आमच्या डोक्यावरचं छप्पर दाखवलं.

"तसं नाही गो. तिकडे आपण सुट्टीला..."

"कसली सुट्टी? तुम्ही एकोणीस वर्षं तिकडे होतात. किती वेळा आलात? मी मोजत नाही, तुम्हीच मोजा. तुम्ही लोकांची घरं महिन्याचा पगार घेऊन सांभाळता. मी तुमचं सांभाळलं, मला कोणी काय दिलं? आणि आता परत एक घर घेणार, परत तिकडे जाऊन बसणार, परत मी हितं."

मामूने मोबाईल उलटा ठेवला. मला इतकं रडू येत होतं आणि मांदेलीचा वास आणि मामीचे हात, ती परत खाली मान घालून साफ करायला लागली होती. एवढ्या वर्षांत माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं की मामी पण एका बंद घरातच राहत होती. मामूच्या दुबईच्या गोष्टी मला पाठ होत्या. मामीला मी एकदाही विचारलं नव्हतं, तू काय करायचीस गो तेव्हा.

नंतर आठवडाभर मामूने घराचं नाव काढलं नाही. पण कुंदनकाकांचा फोन सुटत नव्हता. एकदा मी शेजारी बसले होते तेव्हा मामूने त्यांना सहज विचारलं, "ते सातही मालक बर्फाला येतात ना?"

कुंदनकाका म्हणाले, "बर्फाला? बर्फ पडला की रस्ता बंद होतो. ते सगळे जूनमध्ये येतात, खाली गरम होतं तेव्हा. ह्या घरांनी आपल्या मालकांना बर्फात कधी बघितलंच नाही."

मामू म्हणाला, "बर्फ पडतो तेव्हा तिथे कोण असतं?"

"मी. अजून कोण?"

फोन ठेवल्यावर मामू मला स्कूटरवर मागे बसवून गुरुप्रसाद सरांच्या बंगल्यावर घेऊन गेला. ते पुण्याचे, फार भले. चार वर्षांत सतरा दिवस आलेत, आणि तेही मे महिन्यात, एसी लावून आत. मामूने गच्चीचं दार उघडलं. समोर सगळा समुद्र, चकचकीत, एकही माणूस नाही. "पावसात बघायला पाहिजेस हे," तो म्हणाला. "लाट रस्त्यापर्यंत येते, आभाळ खाली उतरतं. मी खिडकी लावायला येतो नि तासभर इथेच उभा राहतो. त्यांनी सगळं आयुष्य घालून हे घर घेतलं, आणि हे बघतो कोण? मी."

मला कळलं तो काय म्हणतोय, पण मला ते मान्य करायचं नव्हतं. मी म्हटलं, "म्हणजे नाही घ्यायचं? मामू, अकरा वर्षं! घे ना! तू जा ना हिवाळ्यात, तू काही गुरुप्रसाद सर नाहीस!"

"मी हिवाळ्यात गेलो तर शरीफा?" एवढंच म्हणाला.

घर घ्यायचं नाही हे त्याने दुसऱ्या दिवशी कुंदनकाकांना सांगून टाकलं. मी रुसले. खरंच, दोन दिवस बोलले नाही त्याच्याशी. मला वाटलं माणसाची एवढी एक इच्छा, ती पण कोकणात येऊन मेली.

पण झालं असं की कुंदनकाकांचा गुडघा गेलेला. जानेवारीत डेहराडूनला ऑपरेशन, दोन महिने चढ-उतार बंद. आणि ऐन बर्फात सात घरांकडे बघायला माणूस मिळेना. छपरावरचा बर्फ काढायचा, नळ बघायचे, हे येऱ्यागबाळ्याचं काम नाही. ते मामूला सांगत होते, रडकुंडीला येऊन, मदत मागायला म्हणून नाही, असंच, आपल्यासारख्याला सांगतात तसं. मामू ऐकत होता. मग त्याने फोनवर हात ठेवला आणि आत स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली, "शरीफा!"

मामी दारात आली.

"दोन महिने माझ्याबरोबर येशील? तिकडे घरं सांभाळायला. विकत काही घ्यायचं नाही. तू नाही म्हणालीस तर मी पण नाही."

मामीने ओले हात पुसले. "थंडी किती असते तिकडे?"

मामूने फोनवर विचारलं. "उणे पाच. कधी उणे दहा."

"माझ्याकडे स्वेटर नाही," मामी म्हणाली.

मी एवढ्या जोरात किंचाळले की पलीकडे कुंदनकाका विचारायला लागले काय झालं, साप निघाला का.

मग नुसती धावपळ. दिल्लीला निजामुद्दीनला जाणाऱ्या गाडीची तिकिटं मी काढली, ह्या वेळी दहादा विचारून. मामूचे नऊ बंगले शेजारच्या बाबल्याने सांभाळायला घेतले, नारळ पाडायची कामं सांभाळून. मामूने त्याला हाताला धरून प्रत्येक घरात फिरवलं, कुठल्या दाराला वर उचलून ढकलावं लागतं तेसुद्धा दाखवलं. सगळं झालं. आणि निघायच्या आदल्या दिवशी लक्षात आलं की मामूच्या स्वतःच्या घराला कुलूपच नाही.

म्हणजे बाहेरून लावायची कडीच नव्हती. कधी लागलीच नव्हती. लग्न झाल्यापासून मामी घरात होती, माहेरी गेली तरी सासू होती, सासू गेल्यावर मामी कुठे गेलीच नाही. नऊ घरांची कुलपं रोज काढणारा माणूस आपल्याच दारासमोर उभा, आणि सुतार कुठे मिळतो बघत आम्ही सगळे गावभर. शेवटी बाबल्यानेच कडी ठोकली, थोडी वाकडीच. मामीने स्वतः कुलूप लावलं. ओढून बघितलं. परत ओढून बघितलं. मी हात पुढे केला, म्हटलं दे मामी, मी येऊन उघडत जाईन, हवा लागायला पाहिजे ना.

"देईन," ती म्हणाली. "स्टेशनावर देईन."

स्टेशनावर आम्ही गाडीच्या दोन तास आधी. मामीने बॅगेत सुक्या कोळंबीचे सोडे घेतलेले, कोकम, तांदळाचं पीठ, जणू तिकडे माणसं जेवतच नाहीत. नवा स्वेटर जानेवारीच्या रत्नागिरीत अंगात, घामाने निथळतेय, पण काढत नाही. आणि तेवढ्यात कुंदनकाकांचा फोन आला. ह्या वर्षी बर्फ अजून पडलाच नाही म्हणे. डोंगर सगळा तपकिरी, औलीला पण लोक येऊन परत चाललेत. त्यांनी व्हिडिओवर दाखवलं. सुकं गवत, मागे लांबवर एक पांढरी रेघ, बस.

मामूचा चेहरा मला बघवेना. एवढा मोठा माणूस, छप्पन्न वर्षांचा, मोबाईल हातात धरून त्या तपकिरी डोंगराकडे बघत राहिला, जसा त्या मॉलमध्ये काचेतून बघत असेल. मला काहीतरी बोलायचं होतं, पुढच्या आठवड्यात हवामान बदलणार आहे असं काहीतरी, पण मला माहीतच नव्हतं.

"शरीफा," तो म्हणाला, "नाही पडला तर?"

"तर थांबायचं," मामी म्हणाली. "कसं थांबायचं ते मी शिकवीन."

गाडी आली तेव्हा गडबडीत किल्ली माझ्याकडे द्यायची राहूनच गेली. मी खिडकीबाहेरून ओरडले, मामी, किल्ली! तिने मूठ उघडून दाखवली, हसली, आणि मूठ मिटली. मी गाडीबरोबर थोडी धावले पण. दिली नाही तिने.

आज नऊ दिवस झाले. अजून पडला नाही.