औक्षणाला लागलेला वेळ

लता फिनिश लाइनवर आली तेव्हा तिच्या कपाळावर कुंकू होतं, केसांत अक्षता होत्या आणि हातात केळं होतं. बूट ओलेचिंब. पावलागणिक पचपच आवाज येत होता. मी स्टॉपवॉच दाबलं आणि तिच्याकडे बघतच राहिले.

"हे काय गं?"

"बाई, त्यांनी ओवाळलं मला," ती धापा टाकत म्हणाली आणि मटकन खाली बसली. केळं मात्र हातातून सोडलं नाही.

तिच्या आधी वंदना येऊन पोचली होती. ती असोद्याचीच, म्हणजे शर्यत जिथे संपत होती त्या गावची. गावच्या शाळेच्या पायरीवर अंगाभोवती शाल घेऊन बसली होती. तिच्या कपाळावर नुसता घाम.

मी तेव्हा जळगावच्या एका शाळेत पी.टी. टीचर होते. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या क्लबांची रोड रेस सिरीज दर हिवाळ्यात घ्यायचं काम असोसिएशनने माझ्या गळ्यात मारलं होतं. क्लब हा शब्द मोठा झाला. व्यायामशाळेची एक खोली, एक शिट्टी आणि पहाटे उठायला तयार असलेली पाच-पन्नास पोरं-पोरी, झाला क्लब. सिरीज म्हणजे एकच शर्यत नाही, ओळीने अनेक. शिंदखेडा, नरडाणा, धुळे, जळगाव आणि शेवटची असोदा. प्रत्येक शर्यतीत नंबराप्रमाणे पॉइंट मिळायचे. शेवटी बेरीज.

त्या वर्षी मुलींमध्ये शिंदखेड्याची लता आणि असोद्याची वंदना यांची बेरीज सारखी झाली होती. म्हणजे असोद्यात जी पुढे, ती सिरीजची विजेती. आणि विजेतीला राज्याच्या शिबिरात जागा होती. तिथे गेलेल्या मुलीला कोच मिळायचा, कॉलेज मिळायचं, राहायची सोय व्हायची. आमच्या भागाला जागा एकच. नाव त्याच दिवशी फोनने कळवायचं होतं. दोघी पोरी हे जाणून होत्या. आदल्या दिवशी वंदना मला म्हणाली होती, "बाई, मला झोप लागत नाहीये." मी म्हटलं, "डोळे मिटून पडून राहा, तेवढं पुरतं." दुसरं काय सांगणार होते?

आता त्या सकाळचं सांगते. मी मुळात कडक बाई, मुलगी वेळेवर आली नाही तर तिला ग्राउंडभोवती पळवणारी. पण ती सकाळ आठवली की माझंही घड्याळ मंदावतं. जळगावच्या बाहेरून शर्यत सुटली तेव्हा धुकं इतकं होतं की पुढचं झाड दिसेना. तिकडे त्याला धुई म्हणतात. मी लूनावरून सर्वांच्या पुढे होते. याला पायलट म्हणतात. पायलटने रस्ता दाखवायचा आणि बैलगाड्या बाजूला करायच्या, बस्स. दोन्ही बाजूला केळीच्या बागा. पानांवरून पाणी टपटप पडत होतं. मोटारीचं पाणी पाटातून चाललं होतं, दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. कापसाच्या गाड्यांतून सांडलेला कापूस बाभळींच्या काट्यांना लागून राहिला होता आणि त्या धुक्यात कापूस कुठला नि धुई कुठली ते कळत नव्हतं. मागून दोघींची पावलं येत होती. एका लयीत. इतकी एका लयीत की वाटायचं एकच मुलगी पळते आहे. मी लूना जरा हळू केली, फक्त ते ऐकायला. खरं सांगते, ती शर्यत संपूच नये असं मला वाटत होतं. रेफरीला असं वाटून चालत नाही.

गावाच्या वेशीशी मी पुढे निघून गेले, फिनिशला वॉच घेऊन उभं राहायला. धुक्यामुळे मागे काय झालं ते मला दिसलं नाही.

झालं होतं ते असं. वेशीवर गावच्या बाया ताटं घेऊन उभ्या होत्या. तांब्यात पाणी, ताटात निरांजन, कुंकू, अक्षता, साखर. बाजूला केळ्यांच्या फण्याच्या फण्या. गावात पाहुण्या मुली येणार, त्यांच्या पायावर पाणी घालायचं, ओवाळायचं, मग आत घ्यायचं. वंदना आली. ती घरची पोर, घरच्या पोरीला कोण ओवाळतं? तिला वाट दिली. तिच्या खांद्याला खांदा लावून लता आली. ती पाहुणी. तिला थांबवलं. मागून आलेल्या सगळ्याच मुली बाहेरगावच्या, त्यांचीही सगळ्यांची पूजा झाली, त्यामुळे त्यांच्यात फरक पडला नाही. फरक पडला तो या दोघींतच.

लतासोबत आलेले तिच्या क्लबचे मॅनेजर आप्पा. गरम डोक्याचे, मनाने चांगले. ते टोपी हातात धरून माझ्या अंगावर आले.

"मॅडम, हाई बठ्ठं ठरवीसन करेल शे! आमनी पोरले मुद्दाम थांबाडं!"

"आप्पा, ठरवून केलंय की नाही ते बघते मी, आवाज खाली."

"काबर खाली? घरनी पोरले वाट, आनि आमनीले आरती?"

मी असोद्याच्या नानांकडे वळले. नाना म्हणजे गावच्या मंडळाचे अध्यक्ष. महिनाभर आधी मी पारावर येऊन त्यांना बजावलं होतं की पळणाऱ्या मुलींना वाटेत कोणी थांबवायचं नाही, पाणी आमच्या टेबलावरच. सगळा पार हो म्हणाला होता.

"नाना, सांगितलं होतं ना मी?"

"सांगतलं व्हतं, बाई. आमी एकानंबी हात लावला नही."

"मग या बायका?"

नाना कानकोंडे झाले. "पारावर काय बाया येता का? त्यांले कोन सांगनार? ते त्यांचं काम आहे, आमी त्याच्यात पडत नही."

घ्या! संपूर्ण गावाला सांगितलं म्हणून मी निश्चिंत होते, आणि गावाचा अर्धा भाग पारावर नव्हताच.

असोसिएशनचे सेक्रेटरी आले होते. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "बाई, नियम काय म्हणतो?"

नियम दोन गोष्टी म्हणत होता. वाटेत परक्या माणसाकडून खाणं-पिणं घेतलं तर धावपटू बाद. आणि वाटेत कोणी अडवलं तर रेफरीने न्याय करायचा. कुंकू लावून, तोंडात साखर घालून, हातात केळं देऊन अडवलं तर काय करायचं, ते पुस्तक लिहिणाऱ्याला सुचलं नव्हतं. तो बिचारा कधी असोद्याला आला नसावा.

"परत पळवा दोघींना," सेक्रेटरी म्हणाले.

"साहेब, पोरींचे पाय बघा. आज नाही पळवता येणार."

"पण नाव आज द्यायचंय. ठरवा तुम्ही. रेफरी तुम्ही आहात."

मी शाळेच्या भिंतीला टेकून उभी राहिले. धुकं अजून हललं नव्हतं. वंदना पायरीवरून माझ्याकडे बघत होती, लता जमिनीवरून. दोघींच्या मधलं अंतर माझ्या वॉचवर होतं. आणि वेशीवर लताचा किती वेळ गेला, तो कुणाच्याच वॉचवर नव्हता. तो कळला तर प्रश्न संपत होता. लताच्या वेळेतून तेवढा वजा करायचा.

"नाना, लताला कुणी ओवाळलं?"

नानांनी आधी पायरीवरच्या वंदनाकडे पाहिलं. मग म्हणाले, "अक्कानं."

अक्का म्हणजे वंदनाची आई.

आप्पांनी कपाळावर हात मारला. मी म्हटलं, "चला सगळे वेशीवर. अक्का लताला पुन्हा ओवाळतील, सकाळी ओवाळलं तसंच. मी वेळ लावते."

"माय शे ती वंदनानी!" आप्पा म्हणाले. "ती काय सावकाश करी? चट्कन उरकी टाकी!"

खरं होतं ते. अक्कांनी जरा घाई केली की त्यांची मुलगी शिबिरात. जरा सावकाश घेतलं की दुसरी. आणि हे वेशीवर उभ्या असलेल्या पोराटोरांनाही कळत होतं. पण दुसरा उपाय माझ्यापाशी नव्हता.

अक्का उंच, काटक, नऊवारीचा पदर घट्ट खोचलेला. मी त्यांना सगळं सांगितलं, काहीच लपवलं नाही. दोघींतल्या अंतरापेक्षा ओवाळण्याचा वेळ जास्त भरला तर लता पहिली, कमी भरला तर वंदना. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"पन खोटं खोटं ओवायता येत नही मले," त्या म्हणाल्या. "ओवायचं तं खरंच ओवायीन."

"तसंच ओवाळा, अक्का."

त्यांनी निरांजनात तूप घातलं, वात सारखी केली. लता समोर उभी राहिली. मी वॉच दाबलं.

अक्कांनी तांब्यातलं पाणी लताच्या पायांवर घातलं. आधी उजव्या, मग डाव्या. ओल्या हाताने तिच्या डोळ्यांना पाणी लावलं. बोट कुंकवात बुडवलं, कपाळावर टेकवलं, बघितलं, वाकडं लागलं होतं ते नीट केलं. मला वाटलं, पुरे, चाललंय ते ठीक आहे, पुढे चला! अक्षता डोक्यावर. मग निरांजन. एक फेरा. दुसरा. हात जराही चुकला नाही, थांबला नाही, पळाला नाही. त्या ज्योतीभोवती धुकं पिवळं दिसत होतं आणि लताचा चेहरा त्यात तरंगतोय असं वाटत होतं. आप्पांनी टोपी काढून काखेत धरली होती. वंदना माझ्या शेजारी उभी होती आणि तिची नजर वॉचवर नव्हती, आईच्या हातावर होती. तिसरा फेरा. साखरेची चिमूट. केळं. लता वाकली, तिने पायांना हात लावला, आणि अक्कांनी दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले. ठेवलेच. ओठ हलत होते. केवढा आशीर्वाद तो! मी मनात म्हणत होते, अक्का, उचला हात, अहो उचला! रेफरी असून म्हणत होते. वर्षभर वंदनाला बागेच्या बांधावरून पळताना मी पाहिलं होतं.

अक्कांनी हात उचलले. मी वॉच थांबवलं.

वजाबाकी करायला मला कागद लागला नाही. लता पहिली आली होती. थोडक्यात, पण स्पष्ट.

निकाल सांगितला तेव्हा आप्पांनी आनंदाने ओरडावं, तर ते अक्कांपुढे गेले आणि हात जोडून नुसते उभे राहिले. सेक्रेटरी फोन शोधायला निघाले. लता रडायला लागली. जिंकलेली मुलगी अशी रडताना मी पहिल्यांदाच बघितली.

वंदना रडली नाही. ती पाण्याच्या टेबलामागे गेली. मी तिच्या मागे गेले आणि अक्काही ताट घेऊन आल्या.

"माय," वंदना खालमानेने म्हणाली, "एक फेरा कमी केला असता तं?"

अक्कांनी ताट टेबलावर ठेवलं. "तिची माय शिंदखेड्याले आहे. तिच्या जागी मी उभी व्हती. तिथं मी तुही माय कशी व्हऊ?"

मग पदराने तिचं तोंड पुसलं, आणि तेव्हा कुठे वंदनाला रडू फुटलं. मला तिथे थांबवेना. मी उगीचच लूनाचा प्लग बघायला गेले. लूनाला काही झालं नव्हतं.

लता शिबिरात गेली. पुढच्या हिवाळ्यात मी पारावर गेले, तशीच नानांच्या घरी आत चुलीपाशीही गेले. तिथे गावच्या बाया जमवल्या. मी म्हटलं, ओवाळू नका असं म्हणायला मी आलेली नाही, फक्त शर्यतीच्या आत ओवाळू नका. अक्का म्हणाल्या, "मग शर्यत वेशीवरच संपवा नं, बाई." इतकं सोपं होतं! मी फिनिश लाइन शाळेतून उचलली आणि वेशीवर आणून टाकली. नवे ऑर्गनायझर आले की मी त्यांना एवढंच सांगते, गावातून शर्यतीचा कोर्स काढताना सायकलचं चाक फिरवून अंतर मोजाल ते नंतर, आधी स्वयंपाकघरात जाऊन या.

त्या वर्षीही धुकं होतं. वंदना एकटीच त्यातून बाहेर आली, मागे कोणाची पावलंही नव्हती. रेषा ओलांडली, गुडघ्यांवर हात टेकले, आणि मग जाऊन बाजूला उभी राहिली. बाहेरगावच्या मुली एकेक येत गेल्या, अक्का एकेकीला ओवाळत गेल्या. पाहुण्या आधी. पहिली आलेली मुलगी ओळीत शेवटी थांबली होती.

तिची पाळी आली तेव्हा तूप संपत आलं होतं. अक्कांनी वात पुढे सारली. सवयीने माझा अंगठा स्टॉपवॉचवर गेला. मी तो काढून घेतला आणि हात खिशात घातला.