कोल्हे बोलावणारी मंडळी

रविवार, सकाळचे सहा. बेळ्ळंदूरच्या तळ्याचा बांध. वीटभट्टीवर माती वाहणाऱ्या मल्लम्माचं तान्हं मूल बांधाखालच्या लव्हाळ्यात रडत होतं. ते ऐकू येईल इतक्या अंतरावर तीन सुशिक्षित माणसं बसली होती. दोघांकडे बंदुका होत्या. रडणं बराच वेळ चाललं. तिघांतलं कोणी जागचं हललं नाही. मूल त्याच दिवशी गेलं.

ही बातमी मी तेव्हाच लिहून दिली होती. ती छापली गेली नाही.

जन्मभर वार्ताहरकी केलेल्या माणसाकडे न छापलेलं फार साठतं. छापलेलं दुसऱ्या दिवशी शेंगदाण्यांच्या पुड्या बांधायला जातं, न छापलेलं मात्र कुठेच जात नाही. चार मित्र बसले की एक किस्सा निघतो, त्याच्यामागून दुसरा येतो. या मंडळींचे किस्से ऐकून लोक पोट धरून हसतात. तुम्हीही हसा. फक्त बांधावरची ती सकाळ विसरू नका.

*

मंडळी तीनच. गोखले एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर, राहायला राजाजीनगरला. लेथवर त्यांचा हात असा चालायचा की लोखंडसुद्धा लाजावं. निपाणीकर आमच्या सीमाभागातला, मराठी आणि कानडी दोन्ही एका श्वासात बोलणारा, दुनाळी बंदुकीचा मालक. आणि डॉ. साने, म्हणजे औषधाचे नव्हेत, संशोधनाचे डॉक्टर. अमेरिकेत दोन वर्षं काढून आलेले.

खूळ सान्यांनीच आणलं. तिकडे कायोटी नावाचा आपल्या कोल्ह्याचाच भाऊबंद माळावर हिंडतो. तिकडची माणसं झुडपात दडून जखमी सशासारखी शिट्टी वाजवतात आणि कायोटी आपल्या पायांनी बंदुकीपुढे येतो.

"त्याच्यामागे धावायचं नाही. त्याला बोलवायचं!" साने म्हणाले.

त्या काळी बंगळूरला कोल्ह्यांची वाण नव्हती. राजाजीनगरचं शेवटचं घर संपलं की घाणेरीची झुडपं सुरू. कारखान्याचा संध्याकाळचा भोंगा झाला की झुडपांतून कोल्हेकुई उठायची.

"आमच्याकडे कोल्हेसुद्धा शिफ्टनं काम करतात," गोखले म्हणायचे.

*

शिट्टी गोखल्यांनी बनवली. शिसवी लाकूड लेथवर धरून नळी केली. आवाजासाठी पत्ती हवी होती, ती त्यांनी घरच्या पेटीतून काढली. बायकोची पेटी! वहिनी माहेराहून घेऊन आलेल्या, रोज सकाळी भजन म्हणणाऱ्या.

वहिनी भजनाला बसल्या आणि मधलाच एक सूर मुका.

"अहो, इथला सूर कुठे गेला?"

"शास्त्राच्या कामी आला," गोखल्यांनी सांगितलं.

पहिली चाचणी स्वयंपाकघराच्या मागच्या अंगणात झाली. गोखल्यांनी शिट्टीवर हाताची ओंजळ धरली आणि फुंकर मारली. आवाज चिरकत वर गेला, तुटला, हुंदका दिल्यासारखा पुन्हा उठला. शेजारच्या कानडी अक्का कुंपणावरून धावतच आल्या, हात पिठाचे.

"कोणाचं मूल आहे? भुकेलंय ते! इतकं का रडवताय?"

गोखल्यांना तेव्हा मूल नव्हतं. अक्कांनी घरात डोकावून पाहिलं, परसात पाहिलं, शेवटी शिट्टी पाहिली. कपाळाला पिठाचाच हात लावून त्या परत गेल्या.

साने मात्र खूश. "माणसाला फसवते म्हणजे कोल्ह्याची काय कथा! पास!"

*

पहिली मोहीम बेळ्ळंदूरला झाली. मीही गेलो होतो. तळं विस्तीर्ण, काठाला माणसाच्या उंचीचं लव्हाळं, पलीकडे भात, आणि एका टोकाला वीटभट्ट्या. पहाटेच्या गारव्यात आम्ही घाणेरीच्या आड बसलो. गोखले वाजवत होते. साने दुर्बीण लावून समोरच्या रानावर नजर ठेवून होते, कारण त्यांच्या अभ्यासानुसार कोल्हा समोरूनच यायला हवा होता.

कोल्हा मागून आला. वाऱ्याची दिशा घेत, मोठा वळसा घालून, पावलाचा आवाज न करता. सान्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर बसला आणि त्यांच्या मानेचा वास घेऊ लागला. पिवळे डोळे, पाठीवर काळसर केस, अंगावर दव. मी गोखल्यांना डिवचलं. गोखल्यांनी वळून पाहिलं आणि शिट्टी तोंडातच राहिली. निपाणीकरला गोळी घालता येईना, कारण मध्ये डॉक्टरसाहेब!

कोल्ह्याला आमचा कंटाळा आला असावा. उठला, आणि आला तसा गेला.

"डॉक्टर, तुमच्या मानेवर होता की तो!" निपाणीकर किंचाळला.

साने दुर्बीण पुसत म्हणाले, "तो चुकीच्या बाजूनं आला."

पुढे कोल्हे येत गेले. निपाणीकरनं कितीतरी मारले. शेपट्या त्याच्या गाडीच्या आरशाला लटकायच्या. कोल्ह्यांनी त्याचं काय खाल्लं होतं, ते मी अनेकदा विचारलं. उत्तर ठरलेलं: "रविवार आहे की हो! करायचं काय मग?"

*

एकदा निपाणीकरला वाटलं, बेळ्ळंदूर कशाला, जयनगरातच करून बघू. तिथे तेव्हा आखलेले प्लॉट जास्त आणि घरं कमी होती. दिवेलागणीला तो एका मोकळ्या प्लॉटवर झुडपात शिरला आणि वाजवू लागला.

आला तो पोलीस! सायकल टाकून, कंदील घेऊन. त्याला वाटलं, कोणीतरी पोर टाकून दिलंय. त्यानं झुडूप न् झुडूप धुंडाळलं, काट्यांत हात घातले, मध्येच थांबून कानडीत म्हणायचा, "रडू नको राजा, आलो, आलो." निपाणीकर बंदूक मांडीखाली दाबून बसलेला. शेवटी कंदिलाचा उजेड त्याच्याच तोंडावर.

"मूल कुठं आहे?"

निपाणीकरनं शिट्टी पुढे केली. पोलिसानं ती उलटसुलट केली, फुंकून पाहिली. त्याच्या हाताला काट्यांनी रक्त आलं होतं.

"अगदी आमच्या धाकट्यासारखं की," म्हणाला, आणि शिट्टी परत देऊन निघून गेला.

निपाणीकर हा किस्सा पोलिसाची चाल करून सांगायचा, लोक खुर्चीवरून पडायचे. मी एवढंच सांगतो. या सगळ्या प्रकरणात रडणं ऐकून शोधायला उठलेला हा एकच सरकारी माणूस. त्याच्यानंतर सरकारातलं कोणी उठलं नाही.

*

बेळ्ळंदूरला भट्टीवरच्या बायका उजाडायच्या आत मातीला लागायच्या. ऊन चढण्याआधी जेवढी माती वर जाईल तेवढी खरी. मुलांच्या झोळ्या बांधाखालच्या झाडांना.

दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी शिट्टी सुरू होताच एक बाई पाटी फेकून धावत आली. चिखलानं भरलेले पाय, पदर खोचलेला, धापा टाकत. ही मल्लम्मा. तेव्हा तिला मूल झालेलं नव्हतं. तरी धावली.

"मगू! मगू कुठं आहे?" तिनं विचारलं. मगू म्हणजे लेकरू.

निपाणीकर झुडपातून उठला. "होगम्मा, जा, मूल नाही. शिट्टी आहे."

तिला पटेना. त्यानं वाजवून दाखवली. ती आधी हसली, मग तिचं तोंड कडू झालं. "असला आवाज कशाला काढता साहेब?"

"कोल्ह्यासाठी."

"कोल्ह्याला मूल दाखवता?"

निपाणीकरनं शिट्टी पुन्हा तोंडाला लावली. पुढच्या रविवारी दोघी आल्या, पण अर्ध्या वाटेतून मागे फिरल्या. त्याच्या पुढच्या रविवारी कोणी मान वर केली नाही. भट्टीवरून उलट हसण्याचा आवाज आला. "साहेबांचं पोर रडतंय!"

साने एकदम उत्साहात. "पाहिलंत? बायका तीन रविवारांत शिकल्या. कोल्हे अजून शिकले नाहीत!"

"काय शिकल्या?" मी विचारलं.

"दुर्लक्ष करायला," साने म्हणाले. चेहऱ्यावर असं समाधान, जणू विद्यार्थी पहिल्या वर्गात पास झाला!

मी त्या दिवशी त्यांना म्हणालो, हा खेळ इथे नको, दुसरीकडे कुठेही जा. निपाणीकर हसला. "पेपरवाल्याला सगळीकडं बातमीच दिसते." त्यानंतर मी त्यांच्याबरोबर गेलो नाही. ते मात्र जात राहिले.

*

मग तो रविवार. मी नव्हतो. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यातून कळलं: बेळ्ळंदूरला कोल्ह्यानं झोळीतलं मूल ओढून नेलं. मी भट्टीवर गेलो. मल्लम्मा विटांच्या थप्पीला टेकून बसली होती. बाकीच्या बायका माती वाहत होत्या. भट्टी थांबत नाही.

मी कानडीत विचारलं, रडणं ऐकू आलं नाही का?

"आलं की साहेब."

"मग?"

"रविवार होता. शिट्टी वाटली."

मग ती म्हणाली, "माझंच होतं, आणि मला शिट्टी वाटली." पुन्हा एकदा म्हणाली.

फौजदारानं कागदावर लिहिलं: आईचा निष्काळजीपणा. मी त्याला म्हणालो, बांधावर बंदुका घेऊन तीन साहेब बसले होते, त्यांचे जबाब कुठे आहेत? तो म्हणाला, "त्यांनी काय केलं? त्यांनी तर गोळीसुद्धा झाडली नाही."

खरं होतं! त्या दिवशी एकही गोळी झाडली गेली नव्हती.

मी तिघांना वेगवेगळं गाठलं. तिघांचं उत्तर एकच: "आम्हाला वाटलं, शिट्टीच वाजतेय."

"वाजवत कोण होतं?"

तिघांनाही नेमकं तेव्हाच काम निघालं.

बातमी लिहून संपादकांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा वर केला. "कोल्ह्यानं मूल नेलं, ही बातमी. झुडपात कोण बसलं होतं, ही बातमी नव्हे."

"साहेब, झुडपात कुत्रं बसलं असतं तर ते तरी भुंकलं असतं!"

"हे अग्रलेखात शोभेल," ते म्हणाले, "आणि अग्रलेख मी लिहितो." कोल्ह्याची बातमी चार ओळींत आली. उरलेल्या जागेत एका साबणाची जाहिरात.

गोखले पुढे मोठ्या हुद्द्यावर गेले. सान्यांना परदेशातून व्याख्यानांची बोलावणी येत राहिली. निपाणीकर रविवारी बॅडमिंटन खेळू लागला. मल्लम्मा भट्टी बदलून कुठे गेली, ते कोणाला सांगता आलं नाही. मी विचारत हिंडलो.

*

आता शेवटचा. हा मला गोखलेवहिनींनी सांगितला, गोखले ऑफिसला गेलेले असताना, दार लोटून घेऊन. त्याच रविवारची सकाळ, साडेनऊचा सुमार, राजाजीनगर. तिघे बेळ्ळंदूरहून परतले होते, निपाणीकरची गाडी दारात. वहिनींनी उपमा केला होता.

पहाटे तळ्यावर गोखले एकटेच एका झुडपात बसले होते, निपाणीकर आणि साने बांधाच्या दुसऱ्या टोकाला. शिट्टी एकच.

उपम्याचा पहिला घास घेऊन गोखले म्हणाले, "निपाणीकर, मानलं बाबा तुला. आज काय वाजवलीस! मला इतक्या महिन्यांत असं जमलं नाही. शेवटी शेवटी तर आवाज असा बसत आणलास, अंगावर काटा आला."

निपाणीकर हसला. "चेष्टा करता की काय अण्णा? वाजवत तुम्ही होता. डॉक्टर आणि मी ऐकत बसलो होतो."

"शिट्टी तुझ्याकडे होती."

"माझ्याकडं कुठली? शुक्रवारीच तुम्हाला आणून दिली की!"

साने चमच्यानं उपमा सारखा करत होते. "ते असू द्या. माझा प्रश्न वेगळा आहे. इतका उत्तम कॉल, आणि आपल्या दोन्ही झुडपांकडे एकही कोल्हा फिरकला नाही. का? गेले कुठे सगळे?"

वहिनी आत गेल्या आणि बाहेर आल्या. हातातली शिट्टी त्यांनी टेबलावर ठेवली.

"ही शुक्रवारपासून पेटीवर पडलीये," त्या म्हणाल्या. "मग रडत कोण होतं?"

तिघांनीही पुढचा घास घेतला. वहिनी म्हणाल्या, "उठा. आत्ताच्या आत्ता परत जा." गोखले म्हणाले, "उगीच काहीतरी मनात आणू नकोस. चहा टाक."

वहिनींनी चहा टाकला नाही. गाडी संध्याकाळपर्यंत दारातच उभी होती.

मल्लम्माला मूल सापडलं ते दुपारी. तेव्हा त्याचा श्वास चालू होता.