तिचा बापही उशिराच बोलला

सव्वा वर्षाची असताना माझी मुलगी 'मम' म्हणायची, 'बाबा' म्हणायची आणि दारावर टकटक झाली की 'को' म्हणायची. को म्हणजे कोण. पहिला शब्द आला त्या दिवशी मी खाप्याला सासूबाईंना फोन लावून तिच्याकडून तो तीनदा म्हणवून घेतला होता. दीड वर्षाची होता होता हे तिन्ही शब्द गेले. कोणता आधी गेला, शेवटचा कधी ऐकला, मला आजही सांगता येत नाही.

आम्ही कोराडीला वीज केंद्राच्या कॉलनीत राहतो. नवरा तिथेच शिफ्टमध्ये आहे. मी अकरा वर्षांपासून एका शाळेत पहिलीचा वर्ग शिकवते. वर्गातलं एखादं लेकरू हाक मारल्यावर बघत नसेल, एकटंच कोपऱ्यात फिरत असेल, तर मी आठवड्याभरात त्याच्या आईबापांना बोलावून घेते आणि सांगते, एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. काही जण रागावतात. एका वडिलांनी तर मुख्याध्यापकांकडे माझी तक्रार केली होती. मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

स्वतःच्या घरात मात्र मी वर्षभर बघत राहिले. मुलगी कूलरसमोर उभी राहायची आणि जाळीतून फिरणारं पातं बघायची. हाक मारली तर वळायची नाही. पण आतल्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडला की धावत यायची. नवरा म्हणायचा, "बघ, ऐकू येते तिले. तू काहून इतकी घाई करून राहिली?" आणि सासूबाई फोनवर म्हणायच्या, "काळजी नको करू वं. तिचा बापही उशिराच बोलला. चार वर्षांचा होईपर्यंत तोंड उघडलं नव्हतं त्यानं."

या एका वाक्यावर मी किती दिवस काढले! शेजारणीने विचारलं की हेच सांगायचं. माझ्या बहिणीने विचारलं की हेच. सांगून सांगून ते मला पाठ झालं होतं. नवऱ्याला स्वतःचं लहानपण आठवायचं कारण नव्हतं, पण तोही ते सांगायला लागला.

मुलीला दीड वर्षाची लस द्यायला आरोग्य केंद्रात नेलं होतं, तेव्हा तिथल्या सिस्टरने कार्ड भरता भरता विचारलं, "किती शब्द बोलते?"

"आठ-दहा," मी म्हणाले.

तिने लिहून घेतलं. मागे लाइन होती. मुलगी माझ्या खांद्यावरून भिंतीवरचा पंखा बघत होती. मी इतकं सहज खोटं बोलले की बाहेर येऊन चपला घालेपर्यंत माझ्या ते लक्षातही आलं नाही. लक्षात आलं तेव्हा परत आत जाता आलं असतं. मी ऑटो केला आणि घरी आले.

त्यानंतर आणखी एक वर्ष गेलं. मुलगी अडीच वर्षांची झाली. एप्रिलमध्ये तिला सांभाळणारी बाई गावी गेली आणि माझ्या शाळेत परीक्षा सुरू, म्हणून सासूबाई खाप्याहून राहायला आल्या. त्याआधी त्या यायच्या त्या सणावारी, एक-दोन दिवसांपुरत्या. या वेळी पहिल्यांदाच दिवसभर नात त्यांच्याजवळ एकटी होती.

आठवडाभराने एका दुपारी मी शाळेतून आले तर त्या जेवल्या नव्हत्या. ताट वाढून तसंच झाकून ठेवलेलं. मुलगी कूलरपाशी.

"आई, जेवल्या का नाही?"

"बस इथं," त्या म्हणाल्या. "मी सकाळपासून हिच्या मागं लागून आहे. नाव घेऊन हाक मारली, गाणं म्हटलं, तोंडासमोर तोंड नेलं. एकदाही माह्या डोळ्यात पाहिलं नाही वं तिनं. पाणी पाहिजे तर माहा हात धरून माठाकडं नेते, जसा काही हात म्हणजे गिलास आहे."

हे सगळं मला माहीत होतं.

मग त्या खाली बघत म्हणाल्या, "एक सांगतो तुले. मी खोटं बोलली होती."

"काय खोटं?"

"तुह्या नवऱ्याचं. तो काही उशिरा बोलला नाही. दोन वर्षांचा होता तेव्हा माहं डोकं खाऊन टाके बोलून बोलून. तू फोनवर रडून राहिली होती, तर मले दुसरं काही सुचलंच नाही. वाटलं, आज नाही तर उद्या बोलंल पोरगी. मग तू सगळ्यांईले तेच सांगत गेली. मी कसं मागं घेऊ?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी फक्त थकले होते, आणि समोर बसलेली बाईही थकली होती. मी त्यांना आरोग्य केंद्रातलं माझं 'आठ-दहा' सांगितलं. त्या ऐकून घेऊन उठल्या आणि दोघींची ताटं वाढली.

नवरा पहिल्या शिफ्टवरून आला तेव्हा त्याला सासूबाईंनीच सगळं सांगितलं, आणि पोरीला डॉक्टरांना दाखवायचं म्हणाल्या. तो आधी चिडला. "शिक्का मारून देतील पोरीवर," म्हणाला. "मग जन्मभर तेच."

"शिक्का नाही मारला तर पोरगी बोलणार आहे का?" सासूबाई म्हणाल्या. "तू उशिरा बोलला असता तर मीच म्हटलं असतं, थांबा. पण तू नव्हता बोलला गा उशिरा."

तो बाल्कनीत गेला. कठड्यावर साचलेली वीज केंद्राची राख बोटाने पुसत राहिला. आत आला तेव्हा म्हणाला, "सोमवारी सुट्टी टाकतो."

आधी कानांची तपासणी झाली. कान चांगले होते. मग बालरोगतज्ज्ञ, आणि त्यांनी पाठवलं म्हणून प्रताप नगरातलं अशा मुलांसाठीचं एक छोटं केंद्र. तिथली थेरपिस्ट माझ्यापेक्षा वयाने लहान होती. तिने विचारलं, "तुम्हाला पहिल्यांदा शंका कधी आली?"

"दीड वर्षाची असताना," मी म्हणाले. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. इतक्या आधीपासून, हे त्यालाही मी कधी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे आम्ही वर्ष घालवलं. किती नुकसान झालं?" मी विचारलं.

"तसा हिशोब मला नाही करता येत," ती म्हणाली. "आधी आला असतात तर बरंच झालं असतं. आता आलात, तर गुरुवारपासून आणा."

तिने मला धीर दिला नाही, याचं मला बरं वाटलं.

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा कोराडी ते बर्डी, बर्डीला बस बदलून प्रताप नगर, आणि परत. दोन वर्षं झाली. बसमध्ये गर्दी झाली की मुलगी कान झाकून किंचाळते आणि लोक मलाच समजावतात. घरी नवरा तिच्यासमोर फरशीवर बसतो, बॉल हातात धरतो आणि ती बघेपर्यंत सोडत नाही. कधी ती बघते. कधी बसून बसून त्याचीच कंबर आखडते. आता तिचे वीस-पंचवीस शब्द आहेत. 'पाणी' आहे, 'नको' आहे. 'आई' गेल्या दिवाळीत आलं. त्या दिवशी मला खूप रडू येईल असं वाटलं होतं, पण कणिक भिजवायची राहिली होती.

आता शाळेचा प्रश्न आहे. केंद्रातली थेरपिस्ट म्हणते, या जूनला बालवर्गात घाला, सोबत मदतीला कोणी ठेवा. नवरा म्हणतो, एक वर्ष थांबू. माझ्याच शाळेत घालावी की नको, यावर मी रोज वेगळं मत बनवते. फॉर्म आणून ठेवलाय. रविवारी आम्ही दोघं बसून भरणार आहोत.