लाल दोरा मागे असतो

टीव्हीवर तो म्हातारा नट बोलू लागला आणि आत्यांच्या हातातला आकडा हवेतच थांबला.

आत्या म्हणजे गल्लीच्या आत्या. सूनसुद्धा त्यांना आत्याच म्हणते. धंदा केसांचे टोप करायचा. लाकडी डोक्यावर जाळी ताणायची आणि बारीक आकड्याने एकेक केस ओढून गाठ मारायची. पाठीचं पार धनुष्य होतं, पण आत्यांनी केलेला टोप हा टोप आहे, हे सांगूनही कुणाला पटत नाही.

"अहोऽऽ, तो सिनेमा नाऽऽ," नट नाकातून गात होता, "मी, नायिका, खलनायक, तिघं एवढे नावाजलेले, तरी आपटलाच! का? तर माझा टोप! कुणा बाईनं केला होता, देव जाणे. डोक्यावर मांजर बाळंत झाल्यासारखं दिसत होतं. हिंहिंहिं!"

"आत्या, ती बाई म्हणजे तुम्हीच ना?" सुनेने विचारलं. विचारायला नको होतं.

"मीच! मीच ती!" आत्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नाचता येईना अंगण वाकडं! अगं, या माणसानं अख्खा सिनेमाभर टोप उलटा घातलाय, उलटा! डोक्यामागचा भोवरा कपाळावर! आणि खापर माझ्यावर?"

गोष्ट खरीच होती. आत्या प्रत्येक टोपाला आतून मानेच्या बाजूला लाल दोऱ्याचा टाका घालतात. या धंद्यात रंगपटातलं पोरसोरही जाणतं, लाल दोरा मागे. चित्रणाच्या पहिल्या दिवशी या नटसाहेबांचा रंगभूषाकार तापाने आडवा. साहेबांनी डबा उघडला, लाल टाका बघितला, आणि लाल म्हणजे पुढचं असं ठरवून टोप टोपीसारखा ओढला. मोठ्या नटाला कोण सांगणार? दिग्दर्शक म्हणाला, "वाऽ! काय दिसताय!" नायिका म्हणाली, "अगंबाई, गोऽऽड!" खलनायक तिकडे बघून खोकला. पहिल्या दिवसाचं चित्रण उलट्या टोपाचं, मग पुढचं सगळं त्याला जुळायला हवं, म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत उलटाच. रंगभूषाकार बरा होऊन आला तोवर उशीर झाला होता. त्यानेच नंतर आत्यांना हे सगळं सांगितलं. तेव्हा आत्या हसल्या होत्या. पडलेला सिनेमा, कोण बघतंय!

आता मात्र सगळे बघत होते. दुसऱ्याच दिवशी नाटक मंडळीचा व्यवस्थापक दारात. हाच माणूस आत्यांच्या कामाचा मोठा आधार.

"आत्या, राग मानू नका हं. नव्या नाटकाचे टोप जरा... दुसरीकडे टाकतो. नट ऐकेनात. म्हणतात, मांजरवाल्या बाईचा टोप नको."

"मांजरवाली?"

"मी नाही हो म्हणत! ते म्हणतात!"

आत्यांनी दार असं लावलं की भिंतीवरचं घड्याळ वाकडं झालं.

त्याच आठवड्यात कळलं की जुने टुकार सिनेमे मुद्दाम दाखवून खिदळणाऱ्या मंडळींनी तोच सिनेमा लावलाय आणि तिघे नट स्वतः येणार आहेत. आत्यांकडे साहेबांच्या मापाचं लाकडी डोकं अजून होतं. तसाच टोप त्यांनी पुन्हा केला. भोवऱ्यापाशी डोळ्यांतून पाणी आलं, तरी उठल्या नाहीत.

खेळाला आत्या हजर होत्या. सिनेमा संपला. लोक हसून हसून लोळत होते. सिनेमाला नव्हे, टोपाला. तिघे नट मंचावर गेले. आत्या डबा घेऊन थेट वर.

"नमस्कार साहेब. मी मांजरवाली."

सभागृहात शिट्ट्या. साहेब चपापले, पण टाळ्या ऐकल्यावर फुलले. "वाऽऽ! आणलाय वाटतं?"

"घाला की."

साहेबांनी डबा उघडला. टोप उचलला, आत बघितलं, लाल टाका कपाळाकडे धरला आणि झोकात ओढला. भोवरा पुन्हा कपाळावर! सभागृह कोसळलं. साहेबांना वाटलं, आपल्या विनोदालाच दाद. त्यांनी कमरेत वाकून तीनदा मुजरा केला.

"अगंबाई, अगदी तस्साच!" नायिका म्हणाली. खलनायक खोकला.

"ऐकलंत?" आत्या माइकमध्ये कडाडल्या. "अगदी तसाच! थांबा!" दोन्ही हातांनी त्यांनी साहेबांचा टोप गरकन फिरवला, कडा बसवल्या, कपाळावरचे केस बोटाने सोडले.

हसणं विरलं. मंचावर एक देखणा, दाट केसांचा माणूस उभा होता. पहिल्या रांगेतला नाटक मंडळीचा व्यवस्थापक अर्धवट उठून बघत राहिला.

नायिकेने पर्समधला आरसा पुढे केला. साहेबांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग नाकातून सूर लावला, "मग तेव्हा मला कुणी सांगितलं का नाऽऽही? चूक दिग्दर्शकाची!"

आत्यांना वाटलं होतं, माणूस निदान 'चुकलं' म्हणेल. साधं 'चुकलं'!

"दिग्दर्शकाची?" त्या म्हणाल्या. "मी टोप पाठवला होता. डोकं तुम्ही आणायचं होतं."

त्यांनी टोप अलगद काढला, झटकला, डब्यात ठेवला. साहेबांचा हात आपसूक टकलावर गेला.

"अहो, राहू द्या की! छान दिसतोय!"

"दिसतोय ना? मग तो माझा आहे." आत्यांनी झाकण लावलं आणि त्या पायऱ्या उतरल्या. व्यवस्थापक आडवा आला. "आत्या, ते नव्या नाटकाचं..."

"घरी या," आत्या न थांबता म्हणाल्या. "आणि दार जपून वाजवा. घड्याळ अजून वाकडंच आहे."