पाठीमागचा नाडा

शैलावहिनीला मी शेवटची भेटले तेव्हा ती हॉस्पिटलच्या हिरव्या झग्यावर चिडलेली होती. आजारावर नव्हे, झग्यावर. पाठीमागे बांधायच्या नाड्या, त्यातली एक तुटलेली, बगलेतली शिलाई उसवलेली... हा ज्याने शिवलाय त्याला माझ्याकडे शिकवणीला पाठवा, असं तिने नर्सला आधीच सुनावलं होतं. मला बघितल्यावर पाठ माझ्याकडे करून बसली आणि म्हणाली, "वन्सं, बांध गं. घट्ट बांध." जी नाडी शिल्लक होती ती मी बांधली. पाठ हाताला नुसती हाडंच लागत होती. पुढच्या आठवड्यात सकाळी दादाचा फोन आला. तो "अगं..." एवढंच म्हणाला आणि थांबला. पुढचं सांगायची गरज पडली नाही.

आता तिला जाऊन महिना उलटून गेला आहे. भेटायला येणारे तिच्या हातच्या घावनांबद्दल बोलतात, तिच्या फटकळपणाबद्दल तर हसत हसत बोलतात. माझ्या मनात मात्र सारखा एक झगा येतो. तिने आयुष्यात शेकडो ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश शिवले असतील. पण हा झगा तिने एकदाच शिवला, आणि तो माझ्यासाठी.

वहिनी पनवेलजवळच्या आपटा गावची. लग्नात आंदण म्हणून भांडी नकोत, शिलाई मशीन द्या, असं तिने वडिलांना सांगितलं होतं, आणि ते मशीन आमच्या पनवेलच्या घरात पुढच्या खोलीत खिडकीखाली विराजमान झालं. बोलायला मोकळी, हसायला मोकळी. एरवी आमच्यासारखंच बोलायची, पण संतापली किंवा फार खूश झाली की आपट्याचं 'नाय' आणि 'हाय' बाहेर पडायचं. आई तिला सुधारायला जायची. ती "बरं" म्हणायची आणि पुढच्याच वाक्यात परत 'नाय'.

मी तेव्हा वीस-बावीस वर्षांची, तळोज्याच्या एका कारखान्यात टायपिस्ट होते. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. माझ्या उजव्या खांद्यावर शाळेत असतानाच एक पांढरा डाग उठला होता, आणि वाढत वाढत गळ्याच्या हाडापर्यंत उतरला होता. कोड. हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नसे. आई बावचीचं तेल लावून मला गच्चीवर उन्हात बसवायची आणि शेजारणींना सांगायची, केस वाळवतेय. माझे सगळे ब्लाउज बंद गळ्याचे, कोपरापर्यंत बाह्यांचे. शिंप्याला माप कधी द्यायचं नाही, जुना ब्लाउज मापाला द्यायचा. दादाचं लग्न ठरलं तेव्हाही आपट्याला कोणी काही सांगितलं नाही. नणंदेला कोड आहे म्हटल्यावर लोक मुलगी द्यायला बिचकतात, हे आईचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू झालं होतं. तिथेही तेच धोरण. लग्न होऊ दे, मग कळेल ते कळेल. मला ते पटत नव्हतं, पण बोलणार कोणापाशी...

अशात माझ्या ऑफिसमधल्या फिलोमिनाचं लग्न ठरलं. आपल्याकडे करवल्या असतात तशा त्यांच्याकडे नवरीच्या मैत्रिणी असतात, सगळ्यांचे कपडे एका रंगाचे, एका बेताचे. तिने मला गृहीत धरूनच टाकलं. तिच्या मावशीने कुवेतहून गर्द जांभळं साटिन आणलं होतं आणि सोबत मासिकातलं एक चित्र. झगा गुडघ्यापर्यंत, आणि वर काही नाही. बाह्या नाहीत, पट्टे नाहीत, खांदे उघडे. चर्चमध्ये वरून आखूड जाकीट घालायचं, हॉलमध्ये आल्यावर काढायचं. आईने चित्र पाहिलं आणि म्हणाली, हा काय बिनखांद्याचा प्रकार. फिलोमिनाला काहीतरी निमित्त सांगून मोकळं व्हायचं असं मी मनात ठरवूनही टाकलं होतं. पण तोवर वहिनीने साटिन मांडीवर पसरलं होतं आणि ते चित्र खिडकीच्या गजाला लावलं होतं. तिला काही माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की असलं काही पनवेलमध्ये आजवर कोणी शिवलेलं नाही.

मी सवयीने तिच्या हातात मापाचा ब्लाउज ठेवला. ती हसायलाच लागली. ज्याला खांदाच नाही त्याला ब्लाउजचं माप कसं चालेल? अंगावरच माप घ्यावं लागणार. मी आज डोकं दुखतंय, उद्या उशीर होईल, असं करत टाळत राहिले. शेवटी एका दुपारी आई भजनाला गेलेली असताना तिने दाराला कडी घातली, गळ्यात टेप अडकवली आणि माझ्यासमोर उभी राहिली. मी ब्लाउज काढला.

वहिनीच्या ओठांत टाचण्या होत्या. तिने त्या एकेक करून काढल्या, डबीत ठेवल्या. मग टेप उचलली आणि माप घ्यायला लागली, काखेखालून, पाठीवरून, त्या डागावरूनही, बोट जराही न अडखळता. सगळी मापं लिहून झाल्यावर तिने विचारलं, "आमच्याकडे बोलणी झाली तेव्हा हे होतं?" मी मानेनेच हो म्हटलं. ती मशीनवर झाकण घालून स्वयंपाकघरात निघून गेली.

त्यानंतर बरेच दिवस मशीन बंद होतं. चित्र गजाला तसंच. एका सकाळी आई भाजी निवडत होती, वहिनी तिच्यासमोर जाऊन बसली. मी आतल्या खोलीतून ऐकलं. "आई, तुम्ही सांगितलं असतंत तरी मी या घरात आले असते," ती म्हणाली. "पण आता मला तसं सांगताच येत नाय. कोणी विचारलंच नाय मला." आईच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. मग वहिनी उठली आणि साटिन बेतायला घेतलं. आई तिला थांबवायला गेली नाही.

झगा अंगावर टिकवणं हीच मोठी पंचाईत होती. पहिल्यांदा घालून बघितला आणि हात वर केले, तर सरळ खाली. आई म्हणाली, मी म्हटलंच होतं. वहिनी खिडकीपाशी नखं चावत बसली, आणि मग एकदम तिचं लक्ष दोरीवर वाळणाऱ्या परकराकडे गेलं. तो परकर आख्ख्या साडीचं ओझं दिवसभर कशावर पेलतो? कमरेवर. तिने झग्याच्या आत, कमरेला, परकराचा जाड पट्टा शिवला आणि त्यात नाडा ओवला. दादाला त्याच्या कारखान्यातून खोकी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणायला लावल्या, कापून त्यांची टोकं मेणबत्तीवर गोल केली म्हणजे टोचू नयेत, आणि अस्तरात उभ्या बसवल्या. नाडा पाठीमागे बांधायचा, त्यावरून चेन ओढायची. म्हणजे हा झगा एकटीला घालता यायचा नाही. बांधायला दुसरी बाई पाहिजेच.

"श्वास सोड," ती म्हणायची, आणि गुडघा खुर्चीला टेकवून नाडा ओढायची. मग परीक्षा. माळ्यावरचा डबा काढ. उडी मार. खाली वाकून रांगोळी काढल्यासारखं कर. मी बिनखांद्याच्या जांभळ्या झग्यात घरभर उड्या मारत होते आणि झगा जागचा हलत नव्हता. "पडत नाय, बघ," वहिनी म्हणाली. हसता हसता आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग हसू थांबलं आणि पाणी तसंच राहिलं. माझ्या खांद्याला इतकी वर्षं तिने तेल चोळलं होतं, पण त्याच्याकडे असं उजेडात बघितलं त्या दिवशी.

जाकिटाला वहिनीने पुढे एकच हूक लावला होता. काढायचं की ठेवायचं ते तुझं तू ठरव, म्हणाली, ठेवलंस तरी झगा काही वाईट दिसणार नाही. चर्चमधलं सगळं पार पडलं. हॉलमध्ये बाकीच्या मुलींनी जाकिटं काढून खुर्च्यांवर टाकली. माझा हात हुकावर. समोर पाहुण्यांत आई आणि वहिनी बसलेल्या. वहिनीने माझ्याकडे बघायचं टाळलं, मुद्दाम आइस्क्रीम खात राहिली. मी हूक काढला. हवा खांद्याला लागली एवढंच मला आठवतं. तेवढ्यात आई उठून आली, माझ्या हातातलं जाकीट घेतलं, नीट घडी करून स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली. शेवटपर्यंत ते तिने सोडलं नाही.

गावात व्हायची ती कुजबुज झालीच. एक जवळजवळ ठरलेलं स्थळ पत्रिकेचं कारण सांगून मागे गेलं. वहिनीने ते एका वाक्यात मिटवलं, खांदा बघून गेले ते बरं, लग्नानंतर गेले असते तर? पुढची मंडळी येणार त्या दिवशी तिने मला विचारलं, फोटो दाखवू? मी हो म्हटलं. तिने फिलोमिनाच्या लग्नातला माझा फोटो पोह्यांच्या आधी टीपॉयवर ठेवला. त्या मुलाने तो बराच वेळ पाहिला. मग त्याने विचारलं, "हा खाली कसा पडत नाही?"

स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाली, "आतून नाडा हाय." आणि पदर तोंडाला लावून आत पळाली. त्या मुलाशी माझं लग्न झालं. आम्ही कामोठ्याला राहतो. माझे डाग आता हातांवरही आहेत, आणि मी बिनबाह्यांचे ब्लाउज घालते. हे सगळं मला त्या मशीनमुळे मिळालं. आभार मानायला गेलं की ती म्हणायची, पुरे, चहा टाक.

परवा दादाकडे गेले होते. वहिनीची मुलगी सई, खारघरला नोकरी करते, ती आईचं कपाट आवरत होती. तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात तो झगा निघाला. रंग जरा उतरलाय, पट्ट्या ताठ. सईने अंगाला लावून पाहिला, मग बाथरूममध्ये जाऊन चढवला आणि उघड्या पाठीने माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आत्या, हे मागचं मला जमत नाहीये, म्हणाली. मी नाड्याची टोकं हातात घेतली. तो वहिनीच्या हातांनी ओढून ओढून मऊ झाला होता. "श्वास सोड," मी म्हटलं, आणि ओढून बांधला.

"पडणार नाही ना गं?" सईने विचारलं.

"नाय पडत," मी म्हटलं.